घराचा आकडा आधी ठरवा



गेल्या महिन्यात आम्ही दहिसरला वन बीएचके घेतला. लग्नानंतरची अकरा वर्षं मुंबईत भाड्याच्या घरांत गेली. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी भाडेवाढ. त्यामुळे किल्ली हातात आली तेव्हा डोळे भरून आले. पण आज सांगायचंय ते किल्लीच्या आधीचं.

घर बघायला निघालो तेव्हा आकडा ठरवलाच नव्हता. ‘बघू तर खरं’ म्हणत 75 लाखांपासून सुरुवात केली आणि चौथ्या रविवारी सव्वा कोटीच्या टू बीएचकेत उभे होतो. मोठी खिडकी, लेकीला वेगळी खोली. एजंट म्हणाला, “मॅडम, हप्ता थोडाच वाढेल.” ह्यांचं मन बसलं. माझंही बसलं, खोटं कशाला बोलू?

तेव्हा दशलक्षण पर्व चालू होतं. नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याच्या प्रवचनात परिग्रह-परिमाणाचा विषय निघाला. श्रावकाने ज्या गोष्टींना मर्यादा घालायची, त्यांत वास्तू म्हणजे घरही येतं. पाठशाळेत हे पाठ केलं होतं. त्या दिवशी उमगलं की मर्यादा वस्तू डोळ्यांसमोर येण्याआधी घालायची असते. मोठी खिडकी बघून झाल्यावर ती घालणं फार जड जातं.

रात्री वही काढली. 90 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता 78 हजार. 60 लाखांचं घेतलं तर 52 हजार, आणि तरीही वीस वर्षांत बँकेला जवळजवळ सव्वा कोटी जाणार! मोठं घर घेतलं, तर माझी नोकरी एक महिना थांबली तरी चालणार नव्हतं. हे चिडले. “आयुष्यात एकदाच घर घेतो आपण!” मग अबोला. क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून येताना दोघांनी एकमेकांची क्षमा मागितली आणि आकडा ठरवला. कर्ज 60 लाखांच्या वर नाही.

मग 90 लाखांचं हे घर सापडलं, जुन्या इमारतीतलं. एक व्यवहाराची गोष्ट सांगते. महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मुंबईत सहाऐवजी पाच टक्के, म्हणजे आमचे 90 हजार वाचले. नवऱ्याचं नाव खरेदीखतात जोडलं तर सवलत मिळत नाही. सासूबाईंना रुचलं नाही. “घर एकट्या सुनेच्या नावावर?” हे शांतपणे म्हणाले, “आई, हप्ते दोघांचे आहेत. घर तिच्या नावावर असू दे.” मोठ्या खिडकीपेक्षा हे वाक्य मला मोलाचं वाटलं.

लेकीचं अभ्यासाचं टेबल हॉलमध्येच आहे. ती खिडकी कधीकधी आठवते, नाही असं नाही. पण पहिल्या दिवशी णमोकार म्हणून स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी गाळायचं फडकं बांधलं, आणि त्या रात्री हप्त्याची चिंता न करता झोप लागली.

घर बघायला निघणार असाल, तर एजंटला फोन करण्याआधी वहीत आकडा लिहा. दोघांनी मिळून लिहा.

जय जिनेंद्र!