पुरातला अकिलीस

जुलैचा दुसरा पंधरवडा लागला की बदलापुरात नदीचं नाव तोंडातोंडी होतं. एरवी उल्हास नदी आपल्याला आहे हेही इथल्या निम्म्या लोकांच्या ध्यानात नसतं. स्टेशन, लोकल, स्टेशनाबाहेरची रिक्षाची रांग, यांतच दिवस संपतो. पण पावसानं दोन रात्री सलग झोडपलं, की भाजीवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे एकच विचारतात : पाणी कुठवर आलंय? पश्चिमेला हेंद्रेपाड्यात, रमेशवाडीत तळमजल्यावरची माणसं गाद्या माळ्यावर टाकतात, गाड्या उंचावर नेऊन लावतात. राजमाचीच्या खोऱ्यातून उतरून कर्जत, नेरळ, वांगणी करत ही नदी येते. घाटावर पाऊस लागला की इथं आभाळ उघडं असतानाही ती फुगते. २६ जुलै २००५चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हवामान खात्यापेक्षा नदीच्या रंगावर जास्त भरवसा वाटतो.

या दिवसांत मी होमरच्या ग्रीक महाकाव्याचा, इलियडचा, एकविसावा सर्ग वाचतो. लोकलमध्ये, चौथी सीट मिळाली तर बसून, नाहीतर दांडीला लटकून. इलियडमध्ये २४ सर्ग आणि साडेपंधरा हजारांहून अधिक ओळी आहेत, आणि त्यांत भांडणं, भाले, रथ, रुसवे यांची काही कमी नाही. तरी पावसाळ्यात मला हाच सर्ग लागतो, कारण यात नदी लढते.

पॅट्रोक्लस, अकिलीसचा जिवाभावाचा सखा, मारला गेलाय. अकिलीस वेडापिसा होऊन ट्रॉयच्या सैन्याला स्कमँडर नदीत रेटतो आणि पाण्यातच कापत सुटतो. लायकाऊन नावाचा राजपुत्र त्याचे गुडघे धरून जीव मागतो. पूर्वी एकदा अकिलीसनंच त्याला पकडून विकलं होतं. तिथून सुटून घरी येऊन त्याला जेमतेम बारा दिवस झालेत. अकिलीस त्यालाही मारतो आणि पाय धरून नदीत भिरकावतो. तेव्हा नदी बोलते. माझं पात्र प्रेतांनी तुंबलंय, मला समुद्राकडे जायला वाट उरलेली नाही, मारायचं तर बाहेर मैदानात मार, अशी तिची तक्रार. अकिलीस ऐकत नाही. मग ती उठते, प्रेतं काठावर फेकते, जिवंत माणसांना आपल्या भोवऱ्यांत लपवते आणि अकिलीसच्या मागे लागते. तो एका एल्म झाडाला धरू पाहतो, तर झाड मुळासकट दरड घेऊन खाली येतं. कर्जतपासून खाली अशी झाडं वाहत आलेली आम्ही पाहिलेली आहेत. ग्रीकांचा सर्वांत वेगवान योद्धा पळतो आणि पाणी त्याच्या खांद्यांवर आपटत राहतं.

इथं अकिलीस रडतो, आणि मरणाला घाबरून रडत नाही. आपण तरुणपणी मरणार हे त्याला ठाऊक आहे, आईनं सांगितलेलं आहे, त्यानं ते स्वीकारलेलंही आहे. त्याचं दुःख निराळंच आहे. ट्रॉयच्या हेक्टरनं मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान शूरानं शूराला मारलं असं झालं असतं. आता मात्र पावसाळी ओढा ओलांडताना वाहून गेलेल्या एखाद्या डुकरं राखणाऱ्या पोरासारखं मरण येणार! देवीचा मुलगा, हेफेस्टस देवानं घडवलेल्या चिलखतातला, आणि त्याची सर्वांत मोठी भीती ही, की आपण कुणीतरी पोरगा होऊ, ज्याचं नाव कुणाला सांगता येणार नाही.

मला अकिलीस फारसा आवडत नाही, हे सांगून टाकतो. पण होमरला हे वाक्य त्याच्या तोंडी घालावंसं वाटलं, म्हणून होमर आवडतो. कारण नावाची ही हाव कवीनं एकट्या अकिलीसपुरती ठेवलेली नाही. इलियडमध्ये दोनशेहून अधिक माणसं नावानिशी मरतात. त्यांतली बरीचशी जेमतेम दोन-चार ओळींपुरती जगतात. भाला लागतो, आणि त्या ओळींत बापाचं नाव, गावाचं नाव, कधी आईनं त्याला कुठं जन्म दिला तेही येतं. सिमोइसियस असाच. त्याची आई आपल्या आईबापांबरोबर कळप पाहायला गेली होती, परतताना सिमोइस नदीच्या काठी तो जन्मला, म्हणून नदीचंच नाव. लग्न झालेलं नाही, आईबापांचे पांग फेडायचे राहिलेत. एयास त्याला मारतो आणि तो पाणथळीतल्या पॉपलरच्या झाडासारखा आडवा होतो. पुन्हा काव्यात कुठं येत नाही.

दुसरा ॲक्सिलस. अरिस्बे गावचा खाऊनपिऊन सुखी माणूस. घर रस्त्याला लागून, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून जेवू घालणारा. सहाव्या सर्गात डायोमिडीस त्याला मारतो, बरोबर त्याचा सारथी कॅलेसियस. आणि होमर नोंद करतो, की इतक्या जणांना यानं खाऊ घातलं, पण त्यांतलं एकही त्या क्षणी आडवं आलं नाही. पुढची ओळ लगेच दुसऱ्याच्या मरणाकडे वळते. मी मात्र दर वेळी इथंच पुस्तक मिटून अंबरनाथ येईपर्यंत बाहेर बघत बसतो.

अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिलाहारांचं शिवमंदिर आहे. त्यातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६० साल आणि माम्वाणी राजाचं नाव आहे. राजाला नाव मिळालं, हे ठीकच. बाहेरच्या भिंतींवर देव, अप्सरा, वादक, तापसी यांची गर्दी कोरणाऱ्या हातांना ते मिळालं नाही. पण होमरच्या जवळ जाणारी गोष्ट मला या देवळापेक्षा वीरगळात दिसते. महाराष्ट्रभर गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, कधी तळ्याच्या बांधावर हे दगड उभे आहेत. खालच्या चौकटीत माणूस मेलेला, बऱ्याचदा शेजारी गाईगुरं. त्यावर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गोष्ट खालून वर वाचायची. गुरांसाठी मरणं होमरलाही परकं नाही, म्हातारा नेस्टर आपल्या तरुणपणीच्या गुरांच्या धाडीची कथा किती चवीनं सांगतो! पण वीरगळात बहुतेक वेळा अक्षर नसतं. सगळा पराक्रम कोरलेला, नाव तेवढं नाही. गावातली माणसं शेंदूर लावतात, नारळ फोडतात, वीर म्हणतात आणि पुढं जातात.

बोरिवलीजवळ एकसरला याच शिलाहारांच्या मुलखात समुद्रयुद्धाचे वीरगळ आहेत. वल्ह्यांची जहाजं रांगेनं येतात, भिडतात, माणसं पाण्यात पडतात. काही अभ्यासक त्यांचा संबंध शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्या १२६५च्या सुमाराच्या लढाईशी जोडतात. तो सोमेश्वर समुद्रात बुडाला असं यादवांच्या बाजूनं हेमाद्रीनं लिहून ठेवलंय, आणि लिहिताना थट्टाही केलीय. महादेवाच्या रागापेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला, अशा अर्थाची. जिंकणाऱ्याचा पंडित हरलेल्याबद्दल असंच लिहिणार. होमर ग्रीकांचा कवी, पण तो असं लिहीत नाही. त्याचं काव्य ट्रॉयच्या हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं. लाकडी घोडा, शहराची राखरांगोळी यांतलं काही इलियडमध्ये नाहीच.

हेक्टरचीच एक गोष्ट एकसरच्या दगडांसमोर आठवते. सातव्या सर्गात तो ग्रीकांना द्वंद्वाचं आव्हान देतो आणि म्हणतो, मी जिंकलो तर मेलेल्याचं प्रेत तुम्हाला परत देईन, हेलेस्पाँटच्या काठी त्याचा उंचवटा बांधा. पुढं कधीतरी गलबतातून जाणारा माणूस तो पाहून म्हणेल, हा हेक्टरच्या हातून पडलेल्या एका शूराचा. काय हिशेब आहे पाहा : थडगं एकाचं, कीर्ती दुसऱ्याची! एकसरला ना मारणाऱ्याचं नाव उरलंय, ना मरणाऱ्याचं. उरलीत ती फक्त जहाजं.

आपल्या शाहिरांनी ही उणीव भरून काढली, पण स्वतःच्या पद्धतीनं. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अगिनदास, सिंहगडाचा पोवाडा रचणारा तुळशीदास, दोघांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण ती त्यांनी रचनेतच घालून ठेवली. डफ हाती असलेला माणूस आपलं नाव वाऱ्यावर सोडत नाही. होमर २७ हजारांहून अधिक ओळींच्या दोन काव्यांत स्वतःचं नाव एकदाही घेत नाही.

२७ जुलै २०१९ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. रुळांच्या दोन्ही अंगांना उल्हासचं पाणी, डब्यांत हजाराहून अधिक माणसं, त्यांत गरोदर बायका. नौदल आलं, एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं, आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. बातम्यांत अधिकाऱ्यांची, मंत्र्यांची नावं होती. जवानांबरोबर पाण्यात उतरलेल्या, बाहेर आलेल्यांच्या चहापाण्याला धावलेल्या आसपासच्या माणसांसाठी एकच शब्द होता : ग्रामस्थ. वार्ताहरांना दोष देत नाही, पानावर जागा किती असते! पण होमरला जागा सापडली असती असं मला उगाच वाटतं. कुणाचा मुलगा, कुठल्या पाड्याचा, घर रस्त्यापासून किती लांब.

उगाच तरी का म्हणू? अकिलीसला ज्या डुकरं राखणाऱ्या पोराची लाज वाटली, त्याच धंद्यातला एक माणूस होमरच्याच ओडिसीत चौदाव्या सर्गापासून थेट शेवटच्या लढाईपर्यंत आहे. युमेयस. त्याला नाव आहे, क्टेसियस हे बापाचं नाव आहे, लहानपणी दासीनं फिनिशियन व्यापाऱ्यांच्या गलबतावर नेऊन पळवल्याची पुरी हकिगत आहे. कवी त्याच्याविषयी सांगता सांगता एकदम त्याच्याशीच बोलू लागतो, 'तू' म्हणून. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. खुद्द ओडिसियसला हा मान मिळत नाही. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात आलेल्या मालकाला, म्हणजे ओडिसियसला, युमेयस ओळखत नाही, पण आपल्या अंथरुणावरचं रानबकऱ्याचं कातडं पसरून त्याला बसवतो, दोन पिल्लं कापून जेवू घालतो, आणि त्याचं पोट भरल्यावर मग विचारतो : तू कोण, कुठला? पाहुणा क्रीट बेटाची लांबलचक थाप मारतो. युमेयस त्यातलं बरंच मानतो. मालक परत येणार, एवढंच तेवढं मानत नाही, कारण तसं सांगून जेवून गेलेले भटके त्यानं पुष्कळ पाहिलेत. रात्रभर पाऊस पडणार असतो. तो पाहुण्याला शेकोटीजवळ निजवतो, आपलं जाडजूड पांघरूण त्याच्यावर घालतो, आणि डुकरं बाहेर आहेत म्हणून भाला घेऊन स्वतः बाहेर झोपायला जातो.