स्टॉकहोममध्ये एक बुडालेली डेडलाइन

ग्रुप टूर म्हटलं की 'चढा, उतरा, फोटो काढा' म्हणून आपण नाक मुरडतो. पण स्टॉकहोमच्या वासा म्युझियममध्ये सोबत गाइड हवाच. नाहीतर समोर दिसतं ते नुसतं एक भलंमोठं लाकडी जहाज.

१० ऑगस्ट १६२८. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव्ह अडॉल्फ याची ६४ तोफांची नवीकोरी 'वासा' पहिल्याच सफरीवर निघाली आणि जेमतेम १३०० मीटरवर बुडाली. वाऱ्यानं कलली, तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी शिरलं, तीसेक माणसं गेली. त्याआधी टेस्टही झाली होती! ३० खलाशी डेकवर या कडेपासून त्या कडेला धावले. जहाज इतकं डुललं, की अ‍ॅडमिरलनं तीन फेऱ्यांनंतर टेस्टच थांबवली. राजा लढाईवर, जहाजासाठी घाई करणारा. त्याला 'नाही' कोण म्हणणार? (तुमच्या बॉसला म्हणून बघा!) पुढे चौकशी झाली, शिक्षा मात्र कुणालाच नाही.

३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, जहाज वर काढलं. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारे किडे टिकत नाहीत, म्हणून ते शाबूत राहिलं. दिसतं त्यातलं ९८ टक्के मूळचंच.

तेव्हा बुकिंगआधी शेड्यूल नीट वाचा. वासाला पाऊण तास देणारी टूर नकोच, दोन तास तरी हवेत. जवळचं स्कान्सन, १८९१ पासूनचं ओपन एअर म्युझियम, थोडं घाईत झालं तरी चालेल. आणि गाइडला सांगून ठेवा, सांगाड्यांवरून घडवलेले खलाशांचे चेहरे आधी दाखव.