पोरांना भाषण नको, मॅच द्या

वस्तीतली टीम हरली की एक वाक्य ठरलेलं असतं. ‘या पोरांमध्ये मोटिव्हेशनच नाही.’ त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, ‘आणि लीडरशिप तर नाहीच नाही.’ जिंकलेल्या टीमबद्दल असं कुणी तपासत नाही. कॉलनीतली, अकादमीतली टीम हरली तर ‘आज दिवस खराब होता’, ‘डिफेन्स चुकला’, ‘रेफरीने पेनल्टी दिली नाही’ अशी खेळातली कारणं निघतात. आमची पोरं हरली की कारण थेट त्यांच्या स्वभावात शोधलं जातं. हा फरक मला सहन होत नाही, म्हणून हा लेख.

जानेवारीत उत्तर नागपुरातली आमची सतरा वर्षांखालची टीम एका स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये ५-० ने हरली. हाफटाइमला २-० होतं. शेवटच्या बारा मिनिटांत तीन गोल खाल्ले. तिसऱ्या गोलनंतर अकराच्या अकरा जण खाली मान घालून उभे होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गोलकीपर जाळीतून बॉल काढून सेंटरकडे फेकत होता, एवढंच. बक्षीस समारंभात आलेल्या पाहुण्यांनी माईकवरून सगळ्यांसमोर सांगितलं, की या मुलांना टॅलेंट आहे, पण जिंकायची भूक नाही, नेतृत्व नाही. पोरं मांडी घालून ऐकत होती.

पाहुण्यांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की लग्नसराई होती. आदल्या रात्री आमच्यातली चार पोरं कामठी रोडवरच्या एका लॉनवर केटरिंगला होती. रात्री दीडला सुटली, दोनला घरी आली, आणि सकाळी आठची मॅच होती. स्टड असलेले बूट सात जोड. बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याचे बूट घालायचा, मापाचे असोत वा नसोत. आमचा स्टॉपर एक नंबर मोठ्या बुटात कापड कोंबून खेळत होता. ज्या मैदानावर सराव करतो तिथे महिन्यातले दहा-बारा दिवस मांडव असतो, आणि मांडव निघाल्यावर खिळे राहतात. भूक म्हणाल तर ती होती. सकाळी चहा-टोस्टवर आली होती पोरं.

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना विल्यम रायन यांचं १९७१ चं ‘ब्लेमिंग द व्हिक्टिम’ आम्हाला होतं. अमेरिकेतल्या काळ्या गरिबांच्या गरिबीचं कारण त्यांच्याच कुटुंबात, त्यांच्याच सवयींत शोधणाऱ्यांना दिलेलं ते उत्तर होतं. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं. त्या माईकसमोर उभी असताना ते पुस्तक समजलं.

पण मित्रहो, पाहुण्यांवर चिडून हा विषय संपत नाही. दुसऱ्या दिवशी आपल्याच वस्तीच्या ग्रुपवर, आपल्याच शिकलेल्या, नोकरीतल्या माणसांनी तेच लिहिलं. एकाने तर फुकट ‘मोटिव्हेशनल सेशन’ घ्यायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. त्यावरून थोडी नाराजीही झाली. ‘ताई, दोन चांगले शब्द ऐकले तर काय बिघडतं?’ बिघडतं. सेशन घेतलं की आपण मान्य करतो, की कमी पोरांच्या डोक्यात आहे. मग बूट, मैदान, झोप आणि खेळायला मिळणाऱ्या मॅचेस यांचा हिशेब कुणी मागत नाही.

बूट नव्हते म्हणून हरले, एवढं सरळही ते नाही. तिसऱ्या गोलनंतरची शांतता मी पाहिली आहे, ती बुटांमुळे आलेली नव्हती. तेव्हा कुणीतरी बॉल हातात घेऊन थांबायला हवं होतं. लेफ्ट बॅकला मागे खेच, दोन मिनिटं बॉल बाहेर काढ, श्वास घे, एवढं ओरडून सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही, हे खरं. प्रश्न आहे का नाही सांगितलं.

फुटबॉलच्या इतिहासात याचं उत्तर देणारी एक मॅच आहे. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. ब्राझीलला विश्वविजेते व्हायला बरोबरी पुरेशी होती. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच ब्राझीलने गोल केला आणि स्टेडियम वेडं झालं. उरुग्वेचा कॅप्टन ओब्दुलिओ वारेला याने बॉल काखेत मारला आणि ऑफसाइडची तक्रार घेऊन पंचांकडे गेला. पंच इंग्रज, याला इंग्रजी येत नव्हतं. याने दुभाषी मागितला. गोल रद्द होणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला हवा होता तो वेळ. वाद संपेपर्यंत लाखांच्या गर्दीचा आवाज उतरला होता आणि त्याची टीम सावरली होती. उरुग्वे २-१ ने जिंकलं.

ही गोष्ट फुटबॉलवाले ‘जिगर’ म्हणून सांगतात. मला तिचा अलीकडचा भाग महत्त्वाचा वाटतो. वारेला मिश्र वंशाचा, गरीब घरातला. लोक त्याला ‘काळा नायक’ म्हणत. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४८ साली, उरुग्वेच्या फुटबॉलपटूंनी आपल्या हक्कांसाठी संप केला होता आणि वारेला त्या संपाच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. क्लबच्या मालकांसमोर सहकाऱ्यांच्या वतीने उभं राहायची सवय ज्याला होती, त्याला इंग्रज पंचासमोर उभं राहायला वेगळं मोटिव्हेशन लागलं नाही. नेतृत्व त्याने संघटनेत कमावलं होतं, माराकानावर ते फक्त वापरलं.

आणि हरलेल्यांचं काय झालं? ब्राझीलमध्ये खापर फुटलं ते प्रामुख्याने तीन खेळाडूंवर, गोलकीपर बार्बोसा, बिगोदे आणि जुवेनाल. तिघेही काळे. काळ्यांमध्ये मोक्याच्या क्षणी टिकायचा कणखरपणा नसतो, असली चर्चा तिथे झाली. बार्बोसा २००० साली वारला, तोवर तो गोल त्याच्या मानेवर होता. आठ वर्षांनी, १९५८ च्या विश्वचषकाआधी, संघाच्या मानसशास्त्रज्ञाने खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि सतरा वर्षांचा पेले पोरकट आहे, गारिंचा दबाव झेलायला लायक नाही, असं मत दिलं. प्रशिक्षक फेओला यांनी ते बाजूला ठेवलं म्हणून जगाला पेले दिसला. त्या फायनलमध्ये स्वीडनने पहिला गोल केला, तेव्हा दिदी नावाचा काळा खेळाडू जाळीतला बॉल उचलून सावकाश चालत सेंटरपर्यंत आला, घाई न करता. ब्राझील ५-२ ने जिंकलं.

आपल्याकडे हेच क्रिकेटमध्ये घडलं. पालवणकर बाळू, चांभार समाजातले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभरावर बळी घेतलेले गोलंदाज. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी याच अन्यायाच्या निषेधार्थ संघातून माघार घेतली. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि संघ जिंकला. (बाळू १९३७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, ते वेगळं प्रकरण. त्याने कप्तानपदाचा अन्याय लहान होत नाही.) ज्यांना पिढ्यान् पिढ्या ‘तू फक्त बॉल टाक, फील्ड आम्ही लावतो’ असं सांगितलं, त्यांच्यातच नेतृत्व नाही म्हणून ओरडायचं, ही चलाखी जुनी आहे.

आता आमच्या पोरांकडे येते. आमचा सेंटर हाफ, सतरा वर्षांचा, मैदानावर तोंड उघडत नाही. मागच्या १४ एप्रिलला मी त्याला जयंतीच्या मिरवणुकीत पाहिलं. दोनशे-सव्वादोनशे पोरापोरींची रांग त्याने दोरी धरून सांभाळली. पोलिसांशी बोलला, डीजेवाल्याला आवाज कमी करायला लावला, दारू पिऊन आलेल्या एकाला भांडण न करता बाजूला नेलं, म्हाताऱ्या बायांसाठी पाण्याची गाडी मध्ये घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. मॅचनंतर मी त्याला विचारलं, की अरे, तिथे एवढा बोलतोस, इथे का गप्प? तो म्हणाला, “मी काहून बोलू ताई? सर बोलते न बाहेरून.”

सगळं उत्तर त्या एका वाक्यात आहे. मिरवणूक त्याची आहे. टीम त्याची नाही, सरांची आहे. आमचे प्रशिक्षक भला माणूस, स्वतःच्या खिशातून बॉल आणतात. पण फुटबॉल शिकवायची आपल्याकडची पद्धत शाळेतल्या पीटीसारखी आहे. शिट्टी वाजली की पळा, शिट्टी वाजली की थांबा. कॅप्टन मॅचच्या सकाळी ठरतो, वयाने मोठा असेल त्याच्या दंडाला पट्टी. वर्षभर एकही निर्णय न घेतलेल्या पोराने ०-३ असताना अचानक वारेला व्हावं, ही अपेक्षा कुठून येते?

याच नागपुरात याचं दुसरं उदाहरण आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल उभा केला. ‘स्लम सॉकर’ला २०१६ साली फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मुळे (२०२२) हे देशाला कळलं. त्या सिनेमावर आपल्यात वाद झाला, की वस्तीला पुन्हा बाहेरचा तारणहार का लागतो? वाद रास्त आहे. पण मला बारसे सरांच्या कामातली कळीची गोष्ट वेगळी दिसते. त्यांनी सर्वात आधी पोरांना सामने दिले. खेळाडूंमधूनच पुढे प्रशिक्षक तयार झाले. अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओला होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कॅप्टन होता, नंतर तो स्वतः मुलांना शिकवू लागला. त्या वर्ल्ड कपचा एक नियम मला फार आवडतो. तिथे हरलेली टीम घरी जात नाही. तिच्यासाठी खालच्या गटातला दुसरा चषक असतो, ती शेवटच्या दिवसापर्यंत खेळते. आमची पोरं सेमीफायनल हरली आणि पुढची स्पर्धा सहा महिन्यांनी. सहा महिने ती पाच गोलांचा हिशेब डोक्यात घेऊन फिरणार. सुधारायला मॅच लागते, ती कुठे आहे?

हरण्यानंतर काय करायचं हे या शहराला शिकवायची खरं तर गरज नाही. बाबासाहेब १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून पडले. १९५४ मध्ये आपल्या शेजारच्या भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. तेव्हाही ‘यांच्यामागे लोक नाहीत’ म्हणणारे होते. अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, लाखो लोक इथे जमले. तो सोहळा उभा कुणी केला? भारतीय बौद्धजन समितीचे वामनराव गोडबोले, जे रेल्वेत नोकरी करत होते, आणि तेव्हाचे उपमहापौर सदानंद फुलझेले. जागा, पाणी, मांडव, परवानग्या, स्वयंसेवक. बाबासाहेबांचं नेतृत्व आभाळाएवढं होतं, पण खाली प्रत्येक पोझिशनवर माणूस उभा होता. पुढच्या वर्षी याच शहरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याचे किती गट झाले हे मोजायला वाचकांना माझी गरज नाही. प्रत्येक गटाला कॅप्टन मिळाला, बॅकला उभं राहायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा ‘नेतृत्व नाही’ हे वाक्य पोरांवर फेकण्याआधी मोठ्यांनी जरा आरसा पाहावा.

फेब्रुवारीपासून आम्ही काही गोष्टी बदलल्या. प्रशिक्षकांशी माझा दोनदा वाद झाला, मग ते तयार झाले. सरावाची शेवटची वीस मिनिटं शिट्टी बंद. पोरंच टीम पाडतात, पोरंच रेफरी. शनिवारी विहाराच्या पायरीवर बसून मागच्या खेळावर बोलतात. सुरुवातीला दोन आठवडे कुणी बोललंच नाही, नुसतं हसणं. तिसऱ्या आठवड्यात गोलकीपर उठला आणि म्हणाला, की पाचपैकी दोन गोल माझे, पण तीन तुमचे, कारण कॉर्नरला कुणी माणूस धरतच नव्हता. त्यावर अर्धा तास भांडण झालं. मला फार बरं वाटलं. कॅप्टन मतदानाने निवडला. मिरवणूक सांभाळणारा निवडून येईल असं मला वाटलं होतं, आला गोलकीपर. लग्नाच्या तारखा पाहून मॅच ठेवायची, हा ठराव पोरांचाच. दर दुसऱ्या रविवारी आजूबाजूच्या वस्त्यांशी मैत्रीपूर्ण सामना असतो, चषक नाही, पाहुणे नाहीत, माईक नाही.

आतापर्यंत तीन खेळलो. दोन हरलो, एक बरोबरीत. दुसऱ्या मॅचमध्ये ०-१ असताना गोलकीपरने बॉल धरून ठेवला आणि लेफ्ट बॅकला नावाने हाक मारून मागे बोलावलं. रेफरीने वेळ काढतो म्हणून दटावलं. ती मॅच आम्ही १-२ ने हरलो.

येत्या रविवारी कामठीची पोरं येताहेत. तिथे फुटबॉल घराघरात आहे, सोपं जाणार नाही. बूट अजून चार जोड कमी आहेत, सात आणि आठ नंबर. कुणाकडे जुने पडून असतील तर शनिवारी संध्याकाळी विहारात आणून द्यावेत. सेशन घेऊ इच्छिणाऱ्या दादांनीही यावं, लाइन्समन लागतो.

जय भीम.