विमानातली खुर्ची मागे घेताना



आपल्यापैकी बऱ्याच जणींची मुलं आता बाहेर आहेत. कोणाची लेक लंडनला, कोणाचा मुलगा न्यू जर्सीत, कोणाची नात सिंगापूरला शाळेत जाते. त्यामुळे साठीच्या आसपास आपल्याला लांबचा विमानप्रवास घडू लागला. निघण्याआधी आपण सगळी चौकशी करतो. बॅगेत किती किलो चालतं, लाडू-चिवडा नेता येतो का, जैन जेवण तिकिटात कसं नोंदवायचं. पण पुढच्याने खुर्ची मागे घेतली तर काय करायचं आणि आपण आपली मागे घ्यावी का, हे कोणी कोणाला सांगत नाही. बाकी त्रास विसरतो, पण घरी आल्यावर तक्रार मात्र हीच जास्त ऐकू येते. म्हणून आज त्याबद्दल लिहितेय.

रेल्वेत अशाच भांडणावर नियम करून ठेवलेला आहे. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच वेळ झोपायला लावायचा. बाकी वेळ तो खाली घ्यायचा, म्हणजे खालच्या बाकावर सगळ्यांना पाठ टेकून बसता येतं. २०१७ च्या आधी ही वेळ रात्री ९ पासून सुरू व्हायची. शिवाय आजारी, अपंग किंवा गरोदर प्रवासी असेल तर तिला जास्त वेळ झोपू द्या, अशी विनंतीही रेल्वेने केलेली आहे. म्हणजे नियमही आहे आणि नियमाच्या पलीकडची माणुसकीही आहे. तरीसुद्धा डब्यात वाद होतात, पण निदान घड्याळ दाखवता येतं.

विमानात असं घड्याळ नाही. विमान वर जाताना आणि खाली उतरताना खुर्ची सरळच हवी, एवढं सगळीकडे पक्कं. ते सुरक्षिततेसाठी असतं. घाईने बाहेर पडायची वेळ आली तर मागच्या ओळीला वाट मोकळी हवी. म्हणूनच संकटकाळच्या दाराच्या पुढच्या ओळीतल्या खुर्च्या बहुधा मागे जातच नाहीत. लांबच्या प्रवासात जेवण वाढताना खुर्च्या सरळ करायला सांगतात. बाकीच्या वेळी बटण तुमच्या हाताशी आणि मर्जीही तुमची.

खरं तर भांडण किती जागेचं असतं? एका खुर्चीच्या एका बिंदूपासून पुढच्या खुर्चीच्या त्याच बिंदूपर्यंतच्या अंतराला पिच म्हणतात. साध्या वर्गात ते साधारण २८ ते ३२ इंच असतं आणि काही स्वस्त विमानांमध्ये २८-२९ च. त्यात आपले गुडघे, समोरची घडीची ताटली, पर्स सगळं बसवायचं. पुढची पाठ दोन ते चार इंच मागे येते. ऐकायला थोडं वाटतं, पण २८ मधले ४ गेले की काय उरतं ते गुडघ्यांनाच कळतं. काही विमान कंपन्यांनी यावर आपापला उपाय काढलाय. युरोपातल्या रायनएअरच्या खुर्च्या मागे जातच नाहीत. अमेरिकेतल्या डेल्टाने २०१९ मध्ये काही विमानांत खुर्ची ४ इंचांऐवजी २ इंचच मागे जाईल अशी केली.

मी बी.कॉम. झालेली. पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा. एका खात्यात जमा झालं की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडतंच. मला विमानातली खुर्ची बघून नेहमी तेच आठवतं. पुढच्याने तिकीट काढलं ते मागे जाणाऱ्या खुर्चीचं. मागच्याने तिकीट काढलं ते गुडघ्यांपुढच्या जागेसकट. आणि हे चार इंच दोघांच्याही हिशेबात धरलेले! पुढच्याच्या पाठीला जो आराम जमा होतो, तो मागच्याच्या गुडघ्यांच्या नावे पडतो. दोघंही प्रामाणिकपणे म्हणतात, "मी पैसे भरलेत." दोघंही खोटं बोलत नसतात.

अमेरिकेत कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१४ मध्ये लोकांना विचारून पाहिलं होतं. आज आहे तसं, म्हणजे खुर्ची मागे घ्यायचा हक्क पुढच्याचा धरला, तर मागे न घेण्यासाठी पुढचे लोक सरासरी ४१ डॉलर मागत होते आणि मागचे जेमतेम १८ द्यायला तयार होते. मग त्यांनी उलटं विचारलं. हक्क मागच्याचा धरला, तर पुढचे मागे घेण्यासाठी फक्त १२ डॉलर देऊ म्हणाले आणि मागचे ३९ च्या खाली ऐकेनात. म्हणजे जागा तीच, पण जे "माझं" म्हटलं त्याची किंमत लगेच दुप्पट-तिप्पट. आपण दागिन्यांच्या आणि घरांच्या वाटण्यांत हे पाहिलेलं आहेच. आणखी एक गंमत अशी की, पैशांऐवजी मागच्याने एखादं पेय किंवा खाऊ देऊ केला तर बहुतेक जण खुर्ची सरळ ठेवायला राजी होते. पैशाने जे जुळत नव्हतं ते खाऊने जुळलं. हे वाचून मला हसू आलं, कारण आपण बायका रेल्वेच्या डब्यात हेच करत आलोय. आधी डबा उघडायचा, पुढे करायचा, मग "जरा सरकता का?" म्हणायचं.

हे न जुळल्यावर काय होतं तेही त्याच वर्षी दिसलं. खुर्ची मागे जाऊ नये म्हणून अडकवायचं प्लॅस्टिकचं एक छोटं साधन तिकडे २००३ पासून विकत मिळायचं. ऑगस्ट २०१४ मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने ते लावलं. पुढच्या बाईंची खुर्ची हलेना. कर्मचाऱ्यांनी सांगूनही त्याने ते काढलं नाही, तेव्हा बाईंनी त्याच्यावर पाणी फेकलं. शेवटी विमान वाटेत शिकागोला उतरवून दोघांनाही खाली काढलं. चार इंचांसाठी विमानभर माणसं खोळंबली.

आता माझा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही दोघं लेकीकडे लंडनला निघालो होतो. दुपारचं विमान बरंच उशिरा सुटलं. पश्चिमेला जाताना विमान सूर्याच्या मागे मागे जातं, त्यामुळे खिडकीत ऊन रेंगाळत राहतं. पण त्या दिवसापुरतं माझं घड्याळ मुंबईचंच असतं. मुंबईच्या सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं, हे मी मनाशी ठरवलेलं. माझा ट्रे आला तेव्हा घड्याळात साडेपाच वाजून गेले होते. जेमतेम अर्धा तास हातात. झाकण उघडलं आणि पुढची खुर्ची धाडकन मागे आली. ट्रेची कड पोटाला लागली, आमटीची वाटी कलंडता कलंडता राहिली. मान खाली घालून जेवायलाही जागा उरली नाही.

पहिला विचार आला तो रागाचाच. काय हा मुलगा, मागे माणूस जेवतंय हे दिसत नाही का! पण मग लक्षात आलं की त्याला खरंच दिसत नाही. त्याला पाठीला डोळे नाहीत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपलं जैन जेवण सांगून मागवलेलं असतं, म्हणून ते बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी आणून देतात. त्याच्यापुढे अजून काहीच आलेलं नव्हतं. त्याच्या लेखी जेवणाची वेळच झालेली नव्हती!

मी कडेने जरा पुढे वाकून म्हटलं, "बेटा, माझं जेवण आलंय. दहा-पंधरा मिनिटं सीट सरळ करशील का?" त्याने कानातलं काढलं, मागे वळून ट्रे पाहिला आणि ओशाळला. "सॉरी आंटी, मला वाटलं अजून कोणालाच दिलं नाहीये." खुर्ची लगेच सरळ झाली. माझं जेवण वेळेत झालं. पुढे त्याचंही जेवण झालं, दिवे मंद झाले, तेव्हा तोच मागे वळून विचारू लागला, "आंटी, आता घेऊ का?" मी म्हटलं, "घे की, मीही आता झोपणारच."

याच्या उलट गोष्ट माझ्या जाऊबाईंची. त्यांची परवानगी घेऊनच लिहितेय. त्या अमेरिकेहून येताना पुढचा माणूस अख्खा प्रवास खुर्ची मागे टाकून झोपला. जाऊबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सुस्कारे टाकले, ताटली दोनदा आपटून बंद केली, एकदा गुडघ्याने पाठीवर रेटा दिला. त्याने वळून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून परत झोपला. घरी आल्यावर सहा महिने आम्ही त्या माणसाची गोष्ट ऐकत होतो. शेवटी मी विचारलं, "वहिनी, त्याला सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, कशाला कोणाला बोलायचं. सहन केलं."

मैत्रिणींनो, याच वाक्यापाशी मी अडकले. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलं, की सांभाळून घ्या, जुळवून घ्या, उलट बोलू नका. त्याचे चांगले गुणही आपल्यात आले. पण तोंडाने गप्प आणि आत क्रोध शिजतोय, याला सहनशीलता कसं म्हणायचं? आणि क्षमा तर नाहीच. क्षमा केली असती तर ती गोष्ट विमानातच संपली असती, सहा महिने घरात पुरली नसती. त्या बिचाऱ्याला तर शेवटपर्यंत कळलं नाही की आपल्यामुळे कोणाचे गुडघे दुखतायत. आपण त्याला चांगलं वागायची संधीच दिली नाही.

आणि पुढच्याचीही बाजू असते हं. आमच्या ह्यांच्या कमरेचा मणका सरकलेला आहे. दोन तास ताठ बसलं की पाय बधिर होतो. त्यांना खुर्ची मागे घ्यावीच लागते. ते बटण दाबायच्या आधी उठून मागे वळतात आणि सांगतात, "माझ्या कमरेचा त्रास आहे, थोडी मागे घेतो, तुम्हाला अडचण झाली तर सांगा." आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही. एकदा मागे बाळ मांडीवर घेतलेली मुलगी होती, तेव्हा ह्यांनी स्वतःहून अर्धीच मागे घेतली. त्या मुलीने उतरताना वाकून नमस्कार केला.

म्हणून मी स्वतःपुरत्या चार गोष्टी ठरवल्यात, पटल्या तर घ्या.

मागे घ्यायच्या आधी एकदा मागे पाहायचं. कोणी जेवतंय का, बाळ आहे का, उंच माणूस गुडघे मोडून बसलाय का. मग हळूहळू घ्यायची, झटका देऊन नाही. दीड-दोन तासांच्या प्रवासात, कंबर धरली नसेल तर, मुळीच घ्यायची नाही. जेवणाच्या वेळी कोणी सांगायची वाट न बघता सरळ करायची.

आपण मागे असू आणि अडचण होत असेल तर शब्दांनी सांगायचं. गुडघ्याने नाही, सुस्काऱ्याने नाही. किती वेळासाठी हवंय तेही सांगायचं, कारण "पंधरा मिनिटं" म्हटलं की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. आपलं जेवण आधी येतं हे लक्षात ठेवून ट्रे येताना दिसला की लगेच विचारायचं. इंग्रजी येत नसेल तर हात जोडून ट्रे दाखवला तरी पुरतं. ऐकलं नाहीच तर वरचं बटण दाबून हवाई सुंदरीला बोलवायचं, स्वतः वाद घालायचा नाही.

रात्र झाली, सगळे झोपले, की पुढच्याला मागे घेऊ द्यायची आणि आपणही घ्यायची. तेव्हा एकटंच ताठ बसण्यात काही अर्थ नाही.

आणि एक खास आपल्या वयाच्या बायकांसाठी. जागेवरून उठताना आपण पुढच्या खुर्चीची पाठ धरून लोंबकळतो. पुढे झोपलेला माणूस दचकून जागा होतो. आपल्याच खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठायचं. जरा कष्ट पडतात, पण जमतं.

घरच्या माणसांशी वर्षभर काही कमी-जास्त झालं तर आपल्याला क्षमावाणीचा दिवस असतो. फोन करता येतो, घरी जाऊन हात जोडता येतात. विमानातला तो अनोळखी माणूस पुन्हा कधी भेटायचा नाही. त्याच्याकडचं येणं-देणं तिथंच मिटवून उतरलेलं बरं, घरी शिल्लक आणायला नको. तुमचे अनुभव जरूर कळवा, विशेषतः बोललात आणि काम झालं असे.

जय जिनेंद्र.