पट्ट्याचं नंतर बघू

सातारा,
रविवार, रात्री

चि. बंडू,


तुझा फोन ठेवला आणि पुढ्यातली मेथी तशीच राहिली. "ताई, पट्टा कुठला घेऊ तेवढं सांग, पंधरा दिवसांत गाडीवर बसतो बघ!" अरे, दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी बांधायचेत ना तुझे? काय बोलतोस हे!

पट्टा डॉक्टर सांगतील तोच, आणि मापाने. विचारायचंच होतं तर तंबाखूचं विचारायचंस. खिशातली पुडी अजून आहे, शुभाने सांगितलं मला. तिच्यावर चिडू नकोस. बंडू, स्क्रू नुसते आधाराला असतात. खरं जोडायचं असतं ते हाडाने, आणि त्याला सहा महिने लागतात, कधी वर्षसुद्धा. निकोटिनने तिथला रक्तपुरवठाच आखडतो. हाड धरलं नाही तर स्क्रू सैल होतात, मग पुन्हा टेबलावर. चघळ, ओढ नाहीतर मिश्री लाव, निकोटिन तेच. निदान महिनाभर आधी सुटायला हवी, आणि हाड धरेपर्यंत बोटभरही नको. तंबाखू सोडण्याचा बाबांनी पारावर दिला होता तसला शब्द मला देऊ नकोस. त्यांचं शेवटी काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंय.

कुशीवर वळून उठायची सवय आत्तापासून कर. गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदम वळवायची, ओंडका लोटतात तशी. मग पाय खाली सोडत कोपरावर जोर देऊन बसायचं. माझ्या ऑपरेशनआधी मी हे केलं नव्हतं. पहिल्या रात्री पाण्याच्या तांब्यासाठी नेहमीसारखी वळले, आणि अशी कळ गेली की तांब्या कुठे पडला तेही कळलं नाही.

शुभाला सांग, रोजचे डबे ओट्याखालून वर घे, पायपुसणी उचल, कमोडची खुर्ची आधीच आण. वाकणं नाही, वजन नाही, कंबर पिळणं नाही. बादलीसुद्धा नाही. चालायचं मात्र रोज, थोडं थोडं. मी तुळशीभोवती फेऱ्या मोजायचे. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, ते डॉक्टरांना लाजून लपवू नकोस. आणि तुझी ती रक्त पातळ करायची गोळी! कधी थांबवायची, कधी परत सुरू करायची, ते विचारून घे. आपल्या मनाने एक दिवसही सोडू नकोस.

आता पुढचं शुभालाही वाचून दाखव. लघवी तुंबली, बसायची जागा बधिर झाली, पायातला जोर गेला, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखान्यात जा. ताप आला, टाक्यांतून पाणी आलं, एक पोटरी सुजली, तरी लगेच फोन करा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर फोनातही वेळ घालवू नका. तू मेला सांगत नाहीस कधी. विहिरीवर पडलास तेव्हाही चार दिवस लंगडत शाळेत गेलास.

मंगळवारच्या पहिल्या गाडीने येते. पुडी उंबऱ्यावरच माझ्या हातात द्यायची.

तुझी,
ताई