वैशाखातले दिवेआगर

कोकण म्हटले म्हणजे घाटावरील मनुष्याच्या दृष्टीपुढे श्रावणातले कोकण उभे राहते. खळाळणारे ओहोळ, हिरवीगार भातखाचरे आणि कौलांवरून निथळणाऱ्या पागोळ्या! परंतु ज्यास तेथील माणसाची खरी काळजी जाणून घ्यावयाची असेल, त्याने वैशाखात जावे. चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या ह्या भूमीस उरलेले आठ महिने आभाळाकडून जवळजवळ काहीच मिळत नाही. त्या आठांतला शेवटचा महिना कसा निभावतो, ह्यावर वाडीचे जीवित अवलंबून असते.

यंदा थोरल्या बहिणीकडे दिवेआगरास चार दिवस राहण्याचा योग आला. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळे, बोर्ली पंचतन ह्या मार्गाने जावे लागते. वाटेतले डोंगर भाजून तांबूस झालेले, खाचरांतून राब भाजल्याच्या काळ्या खुणा, आणि गुरे सावलीच्या शोधात. बोर्ली मागे पडली की समोर माडांची रांग दिसू लागते व डोळे निवतात.

गाव पुरातन आहे. येथे मिळालेला शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा ताम्रपट मराठीच्या अत्यंत जुन्या लेखांत गणला जातो. ग्रामनामातील ‘आगर’ शब्द मात्र मोठा मौजेचा. आगर म्हणजे माडापोफळींची बाग, आणि आगर म्हणजे मीठ पिकविण्याची जागाही! अनेकार्थी शब्द शिकविताना हे उदाहरण मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्यातले मर्म मात्र ह्या खेपेस, बहिणीच्या विहिरीच्या काठी बसल्यावर कळले.

वाडीची रचना विचारपूर्वक केलेली असते. समुद्राच्या अंगास सुरू, उंडी व केवडा. त्यांच्या आड उंच माड. माडांच्या आश्रयास पोफळी. पोफळींच्या खोडांवर मिरवेली. आणि अगदी आत, गारव्यात जायफळ व केळी. जो तो दुसऱ्यास सावली देतो. पोफळ दिसते सरळ व ताठ, पण प्रकृतीने फार नाजूक. पश्चिमेचे दुपारचे ऊन खोडावर थेट पडले तर साल करपते, खोड चिरते व झाड निकामी होते. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूस दक्षिणेकडे नेले ते फळांनी लगडलेल्या पोफळींच्या समुद्रतीराने. त्या तीराची शोभा मी पुष्कळांस समजावून सांगितली. तिला पाणी कोण घालतो, हा प्रश्न मात्र कधी मनात आला नव्हता.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वेगाने ह्या किनाऱ्यावर आले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ही रचना काही तासांत मोडून पडली. आमच्या भावोजींच्या वाडीत पोफळींचा आडवा खच पडला. उभ्या राहिल्या त्यांची सावली गेल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात त्यांतल्याही काही करपल्या. भावोजींनी सत्तरी ओलांडलेली. तरी त्यांनी आधी केळी लावल्या आणि केळींच्या सावलीत पोफळीची रोपे लावली. पोफळीस फळ धरण्यास पाच ते आठ वर्षे लागतात. “आता आमच्या वयाला हा उद्योग कशाला?” असे कोणी विचारले, तर ते म्हणत, “मी ज्यांची सुपारी खाल्ली, त्यांनी माझे वय विचारून झाडे लावली नव्हती.” त्यांतल्या काही झाडांनी यंदा पहिली पोय टाकली आहे.

ह्या सर्वांचा प्राण म्हणजे जांभ्या चिऱ्यांनी बांधलेली एक विहीर. मी लहानपणी प्रथम येथे आलो तेव्हा तीवर रहाट होता. पहाटे बैल फिरू लागला की त्याची करकर घरभर ऐकू येई. लोट्यांतले पाणी पन्हळीत, पन्हळीतून पाटात आणि पाटातून आळ्यांत जाई. बैल दमला की शिंपणे थांबे. तेवढ्या अवकाशात झरे विहीर पुन्हा भरीत. पुढे विजेचा पंप आला. पंप दमत नाही, आणि घोटाळा तेथेच आहे.

भाचा शास्त्रशाखेचा पदवीधर. त्याने मला समजावून दिले ते असे. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे जमिनीखाली समुद्राच्या पाण्यावर तरंगत असते. घायबेन व हर्झबर्ग ह्या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास ह्याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक हात असेल, तर खाली ते सुमारे चाळीस हात असते. अर्थात वरचे हातभर पाणी कायमचे खाली गेले, तर खालचे खारे पाणी चाळीस हात वर येऊ पाहते! म्हणजे एकाच भूमीत दोन्ही आगरे एकावर एक आहेत.

हे शास्त्र घरात प्रथम कळले ते अक्काला. गेल्या वर्षी मे महिन्यात कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ अख्खीच्या अख्खी राहिली. ती म्हणाली, “विहिरीचे पाणी फिरले.” कोणी मनावर घेतले नाही. आठ दिवसांत चहात मचूळपणा आला आणि पंधरवड्यात पोफळीच्या रोपांची टोके करपू लागली. “मास्तर, माड खारे पाणी पुष्कळ सोसतो, पोफळ रुसली की गेली,” असे भावोजी मला म्हणाले.

वादळानंतर घर चालावे म्हणून भाच्याने परसात प्रवाशांसाठी चार खोल्या बांधल्या. त्यांचा हंगाम नेमका मे महिन्यात, आणि विहीरही तेव्हाच तळाशी. त्याचे म्हणणे, कूपनलिका खोल खणावी. वडिलांचे म्हणणे, खोल जाणे म्हणजे मिठालाच आमंत्रण देणे. बापलेकांत बरेच दिवस अबोला होता. शेवटी अक्काने निकाल दिला. विहिरीच्या आतल्या चिऱ्यावर तिने तांबडी रेघ काढविली. पाणी रेघेला टेकले की पंप बंद. मग कोणाचे काहीही राहो. वैशाखाच्या वद्यपक्षात खोल्याही बंद ठेवावयाच्या.

मुलाला हे जड गेले. तो मला म्हणाला, “मामा, हंगामाची निम्मी मिळकत जाते. वाडी पडली तेव्हा ह्या खोल्यांनीच आम्हांला जगवले, हेही खरे ना?” ते खरे होते, माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तिसऱ्या दिवशी खोल्या भरलेल्या होत्या. सायंकाळी पाणी रेघेला टेकले आणि रोपांची शेवटची ओळ कोरडीच राहिली. भाचा बटणापाशी क्षणभर उभा राहिला. मग त्याने पंप बंद केला. एवढ्यात भावोजी कंदील घेऊन आले. न बोलता दोघांनी वाळलेल्या झावळ्या व विऱ्या ओढून आणल्या आणि त्या ओळीच्या आळ्यांवर पसरल्या, की असेल ती ओल टिकावी. पहाटे विहिरीत डोकावलो, तर रेघ पाण्याखाली गेली होती. त्या दिवशी पहिले पाणी त्या ओळीला मिळाले.

निघण्याच्या दिवशी अक्काने पानात वरण वाढले. डाळ लोण्यासारखी शिजली होती. पहिला घास घेईपर्यंत भावोजी व भाचा दोघेही माझ्या तोंडाकडे पाहत होते. “गोड आहे,” मी म्हणालो. अक्का हसली व म्हणाली, “मृगाला अजून दहा दिवस आहेत.”