प्लॅस्टिकची जुनी घड्याळं

सोन्याचं किंवा स्टीलचं घड्याळ कुणी जपून ठेवलं तर लोकांना ते पटतं. पण प्लॅस्टिकची जुनी घड्याळं जमवणाऱ्याला घरच्यांचेही टोमणे ऐकावे लागतात. आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक, उरणला राहतो. दहा-बारा वर्षांपासून आम्हाला हा छंद आहे. आज आमच्या डब्यात ३४ घड्याळं आहेत. या छंदातला आनंद आणि त्यातले धोके, दोन्ही वाचकांपुढे ठेवावेत असं वाटलं.

आपल्या कोकणातल्या मुस्लिम घरांत ही घड्याळं आली ती आखातातून. कुवेत, सऊदी, दुबईला कमावायला गेलेले अब्बा, चाचा, मामू सुट्टीवर यायचे, तेव्हा त्यांच्या बॅगेत अत्तर, साबण, कापड यांच्यासोबत दोन-चार प्लॅस्टिकची घड्याळंही असायची. शाळेत ज्याच्या हातात आकड्यांचं घड्याळ, त्याचा बाप परदेशात, हे सगळ्या वर्गाला न सांगता कळायचं.

यातलं सर्वांच्या ओळखीचं घड्याळ म्हणजे कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू. ते १९८९ साली बाजारात आलं. आमच्या शेजारचं न्हावा-शेवा बंदर सुरू झालं तेही याच वर्षी. या घड्याळाचं वजन सुमारे २१ ग्रॅम, आणि एक बॅटरी साधारण ७ वर्षं चालते. त्याआधी १९८३ मध्ये स्वित्झर्लंडच्या स्वॉच कंपनीने रंगीबेरंगी प्लॅस्टिकची घड्याळं काढली होती. जपानी घड्याळांपुढे स्विस कारखाने बंद पडत होते. म्हणून त्यांनी फक्त ५१ भागांचं स्वस्त घड्याळ बनवलं. त्याची काच डबीला अशी जोडलेली असते की आतलं यंत्र दुरुस्त करता येत नाही, फक्त बॅटरी बदलता येते. बिघडलं की टाकून द्यावं, या हिशेबाने बनवलेल्या वस्तू आज लोक शोधत फिरतात!

आम्हीही फिरतो. सुट्टीत मोरा बंदरातून लाँचने भाऊचा धक्का गाठायचा आणि तिथून चोरबाजारात जायचं. शुक्रवारी सकाळी तिथे रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो. ढिगातून एखादं बंद घड्याळ उचलावं, घरी आणून बॅटरी घालावी आणि पडद्यावर आकडे उमटावेत, हा आनंद घेतल्याशिवाय कळत नाही.

आता धोके. पहिला धोका नकली मालाचा. एफ-९१डब्ल्यूचं उजवं बटण तीन सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कंपनीचं नाव येतं. पण केवळ त्यावर विसंबू नये. मागच्या झाकणावरची अक्षरं, बटणांची बसणी, आतलं यंत्र, सगळं पाहावं. दुसरा धोका हवेचा. या घड्याळांच्या पट्ट्यांचं प्लॅस्टिक दमट हवेत आतून कुजत जातं. एक दिवस पट्टा हातात घेतला की बिस्किटासारखा तुटतो. समुद्रकाठच्या उरणात तर न वापरलेल्या, खोक्यातल्या घड्याळाचाही पट्टा जातो. त्यामुळे घड्याळं उन्हापासून दूर, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावीत. एकमेकांना चिकटू देऊ नयेत. संपलेली बॅटरी आत राहू देऊ नये, ती गळली की यंत्र खाऊन टाकते. तिसरा धोका खिशाचा. घरखर्चातून महिन्याला ठराविक रक्कम, त्यापलीकडे एक रुपया नाही, असं आम्ही ठरवून घेतलं आहे.

पण सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. तो आहे समोरच्याला किंमत माहीत नसण्याचा.

आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला मागच्या वर्षी रुमालात गुंडाळून एक घड्याळ घेऊन आल्या. त्यांचे मरहूम पती सऊदीला नोकरीला होते, त्यांचं. "बघा बेटा, चालू होतं का," एवढंच म्हणाल्या. घड्याळ जुन्या, आता सहसा न मिळणाऱ्या मॉडेलचं होतं. पट्ट्याचे तुकडे झाले होते, पण यंत्र शाबूत होतं. पाचशे रुपये दिले असते तरी खालांनी खुशीने ठेवून घेतले असते. आम्ही आतले संपर्क साफ केले, बॅटरी घातली, साधा पट्टा लावला. घड्याळ चालू झालं. मग ते विकलं तर बाजारात किती येतील, तेही त्यांना सांगितलं. पैशांची त्यांना गरज होती, हे आम्हाला ठाऊक होतं.

खाला थोडा वेळ गप्प बसल्या. तेवढ्यात तास भरला आणि घड्याळ वाजलं. त्या म्हणाल्या, "हे सुट्टीवर आले की घरात दर तासाला हा आवाज यायचा. गेले की बंद." त्यांनी घड्याळ नेलं. पट्ट्याचे तुकडेही कागदाच्या पुडीत बांधून मागून घेतले.

आमच्याकडे ते घड्याळ नाही, याची आम्हाला हळहळ नाही. लोक आता आपल्या वडिलांची, चाचांची घड्याळं विश्वासाने आमच्या हातात देतात. ती अमानत असते. संग्रह करणाऱ्याने आधी खरी किंमत सांगावी, मगच सौदा करावा. आणि वाचकहो, तुमच्या कपाटातही असं एखादं बंद घड्याळ असेल. भंगारात देण्याआधी त्यात एकदा बॅटरी घालून बघा.